सोसायटी ग्रुप: लॅपटॉपचं बिटलॉकर बंद होईना

सुनीताताई (बी २०४): कॉम्प्युटरमधलं कळणारं कोणी आहे का? लेकीच्या लॅपटॉपचे यूएसबी पोर्ट एका बाजूने चालत नाहीत, मदरबोर्ड बदलावा लागेल म्हणतात. दुकानदार म्हणाला, आधी डिस्कचं एन्क्रिप्शन, म्हणजे डेटा सांकेतिक करून ठेवणारं बिटलॉकरचं कुलूप, काढून आणा. सेटिंगमध्ये बंद केलं, पण सकाळपासून 'डिक्रिप्शन (कुलूप काढणं) सुरू आहे' एवढंच दिसतंय. तिचा विद्यापीठाचा प्रोजेक्ट त्यातच आहे 🙏

मयूर (बी ३०३): ताई, फॉरमॅट मारून टाका, झंझटच नको

हेमंत (ए ५०१): नाही मयूर भो, असं सांगू नको कोणाला. फॉरमॅटने एन्क्रिप्शन जाईल आणि प्रोजेक्टही जाईल. ताई, घाबरू नका, आहे तसाच चालू ठेवा. चार्जर लावलाय ना? झाकण उघडं आहे?

सुनीताताई: झाकण बंद करून ठेवलं होतं. गरम होत होता, जळगावचा मे महिना तुम्हाला माहीतच आहे

हेमंत: मग तो झोपला होता ताई, म्हणून काम अडलं. उघडा, चार्जर लावा, पंख्याखाली ठेवा आणि पॉवर सेटिंगमध्ये स्लीप 'नेव्हर' करा. मध्येच लाईट गेली, लॅपटॉप बंद पडला तरी पुन्हा चालू केल्यावर जिथे थांबलं तिथून पुढे जातं.

पण त्याआधी रिकव्हरी की, म्हणजे अडलं तर हे कुलूप उघडणारा नंबर, शोधा. ४८ अंकी असते, ६-६ अंकांचे ८ गट. लॅपटॉप सुरू करताना ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं होतं, ते खातं मोबाईलवर उघडून डिव्हाइसेसमध्ये बघा. आपल्याकडे गोंधळ इथेच होतो: नवीन लॅपटॉप दुकानात सेट करून आणतो, कधी दुकानातल्या पोराचं खातं, कधी कॉलेजचा ईमेल टाकलेला असतो. मग की त्या खात्यात जाऊन बसते. एन्क्रिप्शन चालू असताना मदरबोर्ड बदलला, तर टीपीएम (कुलपाची किल्ली सांभाळणारी चिप) बदलतो आणि विंडोज सुरू होतानाच ही रिकव्हरी की मागतं. की कागदावर लिहून कपाटात ठेवा.

सुनीताताई: पण आम्ही हे कधी लावलंच नव्हतं

हेमंत: लावावं लागत नाही ताई. २०२४ च्या विंडोज ११ अपडेटनंतर नव्याने विंडोज टाकलं आणि मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं, की बहुतेक लॅपटॉपवर आपोआप चालू होतं. होम आवृत्तीत नाव 'डिव्हाइस एन्क्रिप्शन', प्रो मध्ये बिटलॉकर. आतलं तंत्र एकच.

आता कमांड प्रॉम्प्ट 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' करून उघडा. मॅनेज-बीडीई, स्पेस, हायफन स्टेटस. इंग्रजीत टाईप करायचं, मी उच्चार लिहितोय. 'पर्सेंटेज एन्क्रिप्टेड' किती?

सुनीताताई: ६१. की पण सापडली, तिच्याच खात्यात होती 😊

पाटील काका (सी १०२): हेमंत, मना डेस्कटॉपवर येगळंच शे. सी ड्राईव्ह बंद व्हत नही. डी ड्राईव्हनी ऑटो-अनलॉक किल्ली शे असं काहीतरी सांगस.

हेमंत: काका, बरोबर सांगतंय. डी ची किल्ली सी मध्ये ठेवलेली आहे, म्हणून तो सी सोडत नाही. आधी डी चं बिटलॉकर पूर्ण बंद होऊ द्या, मग सी. घाई करू नका, डी ची की आधी लिहून घ्या.

भारतीताई (सी ३०१): माझ्या ऑफिसच्या लॅपटॉपवर 'सस्पेंड' केलं तरी कुलूप दिसतंय. बंद करू का?

हेमंत: ऑफिसच्या लॅपटॉपला हात लावू नका ताई, तुमच्या आयटीवाल्यांना विचारा. सस्पेंड म्हणजे बंद नाही. डेटा तसाच एन्क्रिप्टेड राहतो, फक्त काही वेळ किल्ली मोकळी ठेवलेली असते. बायोस (लॅपटॉप सुरू करणारा मूळ प्रोग्रॅम) अपडेट करायला तेवढं पुरतं.

सुनीताताई: ४८ झालं! उतरतंय

हेमंत: छान. कोणाचा आकडा अजिबात हललाच नाही तर स्टेटसमध्ये 'पॉज्ड' लिहिलंय का बघा. असेल तर मॅनेज-बीडीई हायफन रिझ्यूम सी कोलन. तरीही अडकलं तर डिस्कवर खराब सेक्टर असू शकतात. तेव्हा आधी फायली दुसरीकडे कॉपी, मगच चेकडिस्क (डिस्क तपासून दुरुस्त करणारी विंडोजची कमांड). हा क्रम उलटा करू नका, मरायला टेकलेली डिस्क चेकडिस्कमध्ये पूर्ण जाऊ शकते.

सुनीताताई: 'फुल्ली डिक्रिप्टेड' आलं 🙏🙏

हेमंत: आता चालणाऱ्या पोर्टला पेनड्राईव्ह लावून प्रोजेक्ट कॉपी करा, मगच दुकानात द्या. आणि दुरुस्त होऊन आला की एन्क्रिप्शन परत चालू करा, नवीन की लिहून ठेवा. लेक भुसावळहून गाडीने जाते-येते, बॅग गेली तर आधार, बँकेचे कागद कोणाच्याही हातात पडायला नकोत.

पाटील काका: डी चं काम चालू करं. रातपावत व्हई जाई.