देवाकडे खूण मागावी का? कोल्हापूरची नोकरी घ्यायची की थांबायचं?

वडगावची सून

जय ख्रिस्त सगळ्यांना. सल्ला हवाय, आणि तोही शनिवारच्या आत.

आमचे हे बेळगावात उद्यमबागेत एका फौंड्रीत मोल्डर होते, लग्नाच्या आधीपासून. ऑर्डरी आटल्या आणि पावसाळ्याच्या तोंडावर जुन्या माणसांना घरी बसवलं. आता तिथं ठेकेदाराची पोरं साचे भरतात. हिशेबाचे पैसे थोरल्याच्या डिप्लोमाच्या फीत आणि सासूबाईंच्या औषधात गेले. सासूबाईंच्या डाव्या अंगावरून वारं गेलंय. माणूस ओळखतात, पण बोललेलं अर्धंच कळतं. दर दोन तासांनी कूस बदला, नाहीतर पाठीला जखमा होतील असं डॉक्टरांनी बजावलंय. दिवसा मी बदलते, रात्री हे. मी ब्लाऊज शिवते. रेशन कार्डावर कुटुंबप्रमुख सासूबाई, म्हणून कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे दोन हजार त्यांच्या खात्यावर येतात. येतात तेव्हा डायपरमध्ये जातात.

आता यांचे जुने मिस्त्री गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत आहेत. त्यांचा फोन आला, ये म्हणून. पगार इथल्यापेक्षा थोडा जास्त, चौघांत एक खोली. पण कोल्हापूर म्हणजे रोजचं येणं-जाणं नाही, आणि त्या कारखान्याला सुट्टी सोमवारी. म्हणजे रविवारची उपासना गेली. हे मंडळीत तबला वाजवतात, पंच कमिटीतही आहेत.

गुरुवारी घरी प्रार्थनासभा होती. एक काका म्हणाले, देवानं दार उघडलंय, जा. दुसऱ्या बाई म्हणाल्या, आजारी आईला आणि देवाच्या घराला सोडून जा असं सांगणारा आवाज देवाचा नसतो. दोघांनी वचन काढून दाखवलं. तिसऱ्यानं यिर्मया २९:११ वाचलं, "संकल्प हिताचे आहेत" ते. ते आमच्या स्वयंपाकघरात कॅलेंडरवरच छापलंय, रोज भाकरी थापताना समोर असतं. चहा पिऊन सगळे गेले.

ह्यांच्या मनात आलंय की बायबलातल्या गिदोनानं देवाकडे खूण मागायला रात्री अंगणात लोकर टाकली, तशी लोकर टाकायची. इथं एका ठिकाणी वॉचमनच्या कामाला सांगून ठेवलंय, पगार निम्मा. शुक्रवारपर्यंत तिथून फोन आला तर देवाची इच्छा इथंच राहायची, नाही आला तर कोल्हापूर.

मला ते पटत नाही, पण का पटत नाही ते सांगताही येत नाही. मला खूण नकोय, रात्री दोनला उठणारा माणूस हवाय. हे झोपले असले की मीच उठते. खाटेला गुडघा टेकायचा, एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली, "आई, वळूया" म्हणायचं आणि त्यांनी उजव्या हातानं माझा पदर धरला की ओढायचं. तेवढ्यात जी काय होते ती माझी प्रार्थना. कधीकधी ती प्रार्थना नसते, भांडण असतं. देवाचा राग येतो मला. हे मंडळीत बोलायची सोय नाही म्हणून इथं लिहिलं.

तर विश्वास ठेवायचा म्हणजे आम्ही काय करायचं? थांबायचं की निघायचं?

लोंढा जंक्शन

सूनबाई, मी रेल्वेत मालगाडीचा गार्ड होतो, आता पेन्शनर. सकाळी बायबल आणि पेपर, दुपारी झोप, असा आमचा दिनक्रम. त्यामुळे लांबण लागली तर सांभाळून घे.

आधी लोकरीचं. शास्ते सहावा अध्याय पुरा वाचा, शेवटच्या पाच ओव्यांवर थांबू नका. "जा" असं देवानं गिदोनाला चौदाव्या ओवीतच सांगितलंय. लोकर येते छत्तिसाव्या ओवीत. म्हणजे आज्ञा कानावर पडून गेली होती, माणूस भ्यालेला होता. लोकर ओली आणि जमीन कोरडी झाली तरी समाधान नाही, दुसऱ्या रात्री उलटं करून मागितलं. देव रागावला नाही, त्याची ती दया. पण त्या दयेचा आपण नियम करून घ्यायचा का? तुमच्या यजमानांची लोकर तर आणखी वेगळी आहे. त्यांनी निर्णय वॉचमनच्या ठेकेदाराच्या फोनवर टाकलाय. त्याचा बॅलन्स संपला तर देवाची इच्छा बदलणार काय?

प्रेषितांची कृत्ये पहिल्या अध्यायात यहूदाच्या जागी माणूस निवडायला चिठ्ठ्या टाकल्या, मत्थियाची निघाली. दुसऱ्या अध्यायात पवित्र आत्मा उतरला, आणि त्यानंतर त्या पुस्तकात कुणी चिठ्ठी टाकून निर्णय घेतलेला मला तरी सापडलेला नाही. मग ते काय करत होते? बोलत होते, वाद घालत होते, आणि निघत होते. सोळाव्या अध्यायात पौलाला आशियात जायचं होतं, अडवलं गेलं. बिथुनियाकडे वळला, तिथंही अडवलं. त्रोवसला पोचल्यावर रात्री मासेदोनियाचा माणूस दिसला. खूण मिळाली खरी, पण वाटेवर असताना मिळाली.

आता तुमचं कॅलेंडर. ज्यानं छापलं त्याला एक ओवी आधीची छापायला जागा नसावी. दहाव्या ओवीत लिहिलंय, सत्तर वर्षं. बाबेलला धरून नेलेल्या लोकांना यिर्मयानं पाठवलेलं ते पत्र आहे. त्यात सुरुवातीलाच सांगितलंय की घरं बांधा, मळे लावा, पोरांची लग्नं करा, ज्या शहरात नेलंय त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. म्हणजे परक्या गावात रोजचं जगणं जगा. आणि त्याच्या आधीच्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा उभा राहून सांगतोय, दोन वर्षांत सगळं पूर्ववत होईल. लोकांना तोच आवडला असणार. खोटा तोच निघाला. सभेत झटपट आशा वाटणारा कुणी भेटला की मला हा हनन्या आठवतो, आमच्या मंडळीत तीनचार आहेत.

माझी एकदा लोंढ्याहून मिरजेला बदली झाली. आई म्हातारी, बायको पोरांना घेऊन क्वार्टर्समध्ये, पावसाळ्यात लोंढ्याचा पाऊस म्हणजे आठ-आठ दिवस कपडे वाळत नाहीत. बदली रद्द व्हावी म्हणून उपास केले, प्रार्थना केली, साहेबाच्या पायाही पडलो. रद्द झाली नाही. गेलो. लोक साक्षीला उभं राहून सांगतात तसं मलाही सांगता आलं असतं तर बरं होतं, की त्या बदलीमुळे अमुक झालं आणि देवाचा हेतू कळला. मला आजतागायत कळलेला नाही. वर गेलो की पहिल्यांदा ते विचारणार आहे.

रागाचं म्हणाल तर स्तोत्र ८८ वाचा. बाकीची बहुतेक विलापाची स्तोत्रं रडून-रडून शेवटी स्तुतीकडे वळतात, हे वळतच नाही, अंधारातच संपतं. तरी ते बायबलात आहे. आणि ईयोबाच्या शेवटच्या अध्यायात देव त्याच्या मित्रांवर चिडलाय, देवाची बाजू सावरून बोलणाऱ्यांवर! भांडणाऱ्या ईयोबाबद्दल म्हणतो की हा माझ्याविषयी नीट बोलला. तेव्हा रात्री दोनला भांडा खुशाल.

वचन रोज

प्रिय भगिनी, मत्तय ६:३३ पहिल्याने त्याचे राज्य मिळवण्यास झटा. रविवार प्रभूचा आहे. जो पगारासाठी उपासना सोडतो त्याच्या पगाराला भोकाची पिशवी असते (हाग्गय १:६). थांबा, प्रभू उत्तम देईल. आमेन.

निपाणीची मावशी

वचन रोज, दादा, हाग्गय त्या लोकांशी बोलत होता ज्यांनी स्वतःची तक्तपोशीची घरं बांधली होती आणि मंदिर ओसाड ठेवलं होतं. या पोरीच्या घरी डायपरचे वांधे आहेत. आणि मार्क सातवा अध्याय काढा. आईबापाला द्यायचं ते "कुर्बान" म्हणून देवाला वाहिलं असं सांगून हात झटकणाऱ्यांना येशूनं काय सुनावलं ते वाचा. १ तीमथ्य ५:८ पण आहेच, जो घरच्यांना बघत नाही त्यानं विश्वास नाकारला म्हणून. आईचा औषधपाणी चालवायला माणूस कामाला गेला तर त्यानं देवाचं घर सोडलं असं कुठून काढता?

आता सूनबाई, कामाचं ऐक. माझा नवरा कागलला जातो, आम्ही बॉर्डरवरची माणसं, कोगनोळी नाका ओलांडला की राज्य बदलतं, पोट तेच राहतं. नव्या कंपनीत जॉइन होताना जुना ईएसआयचा, म्हणजे कामगार विम्याचा नंबर आणि पीएफचा यूएएन नंबर द्यायला सांग. दोन्ही तेच चालतात, नवीन काढू देऊ नका, नंतर जोडताना जीव जातो. ईएसआय महिना २१,००० पगारापर्यंत लागतो. त्यात अवलंबून असलेली आईसुद्धा बसते, तिचं नाव घातलंय का बघ. कुटुंब कर्नाटकात राहतं हे कंपनीकडून नोंदवून घ्या, म्हणजे तुम्हाला इथल्या दवाखान्यात दाखवता येईल. इथं फॉर्म कानडीत आला म्हणून ठेवून देऊ नकोस, मी पहिल्यांदा तेच केलं आणि वर्ष घालवलं. शेजारची शाळेतली पोरगी पाच मिनिटांत वाचून देते.

रविवारची पहिली पाळी असली तर संध्याकाळ मोकळी असते. कोल्हापुरात वायल्डर मेमोरियल चर्च आहे, मराठी मंडळ्या आहेत. तिथल्या पाळकसाहेबांना भेटायला सांग. तबला तिथंही लागतोच.

माझा खरा प्रश्न वेगळा आहे. रात्रीचं काय? नवरा गेल्यावर दोन तासांनी उठणार तू एकटी, आणि दिवसा मशीन. तू आडवी झालीस तर घर बसलं. यावर सभेत कुणी तोंड उघडलं का?

अनगोळचा दाद्या

वैनी, मी काय एवढा बायबल वाचलेला नाही, पण मावशी बोलूलाल्यात ते बरोबर हाय. आमच्या पप्पांना असंच झालंतं. मंडळीतली माणसं येऊन प्रार्थना करून जात, मम्मी चहा करून करून थकली. मग आमच्या पाळकांनी एक काम केलं. म्हणाले, प्रार्थनेला येणाऱ्यानं एक पाळी घ्यायची. एकजण संध्याकाळी सातला, एकजण नऊला. फक्त कूस बदलून जायचं, चहा नको. निम्मी माणसं यायची बंद झाली, पण उरलेली शेवटपर्यंत आली बघा.

तुमचा थोरला डिप्लोमाला हाय म्हणता, मग रात्रीची एक पाळी त्याला लावा की. कॉलेजातली पोरं एक वाजेपर्यंत मोबाईलच बघूलाल्यात. मी स्वतःवरनं सांगूलालोय.

वडगावची सून

सगळ्यांचे आभार. वचन रोज दादा, तुम्ही मनापासून लिहिलंत हे कळलं, पण "थांबा" म्हणणाऱ्यानं थांबायचा खर्चही सांगावा.

लोंढ्याच्या काकांचं ह्यांना वाचून दाखवलं. ठेकेदाराच्या बॅलन्सचं ऐकून हसले, बऱ्याच दिवसांनी. मग म्हणाले, गिदोन भ्याला होता तसा मीही भ्यालोय, एवढ्या वर्षांनी नव्या ठिकाणी हात चालेल का याची भीती. हे मला आजवर बोलले नव्हते. मी आपली समजत होते की हे देवाच्या इच्छेचा विचार करतायत. आम्ही लोकर टाकत नाही. शुक्रवारी वॉचमनचा फोन आला तरी पगाराचं, आईचं, रात्रीचं सगळं मांडून आम्हीच ठरवू, आणि ठरवलेलं त्याच्या हाती देऊ.

तूर्त असं बोललोय की एक महिना जाऊन बघायचं. याकोबाच्या पत्रात आहे तसं, प्रभूची इच्छा असली तर. चुकलं तर कोल्हापूर काही बाबेल नाही, परत येता येतं. यात देव काय म्हणतो ते मला अजूनही कळलेलं नाही, आणि राग गेलाय असंही नाही. स्तोत्र ८८ वाचलं. सासूबाईंना मोठ्यानं वाचून दाखवलं, दुसरं कोण जागं होतं? त्यांना कळलं का माहीत नाही, मध्येच "पाणी" म्हणाल्या.

पाळ्यांचं पाळकसाहेबांच्या कानावर घालणार आहे. पाळीचं नाव काढलं की कोण येतं ते बघूया. गुरुवारच्या त्या बाईंना मी मुद्दाम पहिल्यांदा विचारणार. थोरल्यानं बाराची पाळी घेतलीय, तोंड वाकडं करून. काल कूस बदलताना आजीनं त्याचा शर्ट धरला तर घाबरून मला हाक मारली. शिकेल.

निपाणीच्या मावशी, ईएसआयच्या कार्डावर आईचं नाव नाही. लग्न झालं तेव्हा माझं घातलं, पोरांची घातली, त्यांचं राहूनच गेलं. ते आधी करते.

अजून एक. नर्सबाई म्हणाल्या की हवेची गादी असली की जखमांना आळा बसतो, पण कूस बदलणं काही सुटत नाही. नवी परवडत नाही. बेळगावात कुणाच्या घरी वापरून झालेली, पंपासकट, असली तर सांगा. भाडं देईन.

अनगोळचा दाद्या

पप्पांची हाय की माळ्यावर. पंप चालू होतोय काय बघतो आणि सांगतो. भाडं-बिडं नको.

निपाणीची मावशी

दाद्या, गादी नीट पुसून वाळव आधी, तशीच नेऊ नकोस.