लसीच्या दिवशी पोराला ‘आ कर’ म्हणायला काय जातं?

कृष्णाकाठ (कराड): मुलीला पाच वर्षांत लसीसाठी किती वेळा केंद्रावर नेलं ते कार्डावर आहेच. दर वेळी वजन झालं, "खाते का नीट?" हेही विचारलं. तोंड उघडून कुणी बघितलं नाही. गेल्या महिन्यात गालफड सुजलं, तीन रात्री घरात कुणाला झोप नाही, तेव्हा कळलं की खालची दाढ आतून पोखरलीय. नवव्या महिन्यात गोवर-रुबेला, मग १६ ते २४ महिन्यांत बूस्टर, मग पाचव्या वर्षी. पोर समोर असतंच की. ओठ वर करून बघायला अर्धं मिनिट लागतं.

जतवाला: बोलायला सोपंय. आमच्याकडं एक डॉक्टर. ओपीडी त्याचीच, विंचू चावलेला त्याचाच, बाळंतपणं, वर ऑनलाइन नोंदी. त्यात आता दात. तेही दुधाचे, जे पडणारच आहेत.

मिरजेचा दातवाला: "पडणारच" हे रोज ऐकतो. पुढचे सहा-सातव्या वर्षी पडतात, दाढा दहा-बारापर्यंत राहतात. तोवर भाकरी चावायची कशानं? दाढ लवकर काढली की शेजारचे दात सरकतात, खालून येणाऱ्याला जागा उरत नाही. आणि सहाव्या वर्षी पहिली कायमची दाढ सगळ्यांच्या मागं गुपचूप येते, काही न पडता. आईबाप तीही दुधाचीच समजतात. आमच्याकडं येते तेव्हा तिला भोक पडलेलं असतं.

खटावची सिस्टर: योजना नाही असं नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे. पथकानं अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा जायचं असतं, तपासणीत दातांची कीडही आहे. चिठ्ठी मिळते, पण दप्तरातच राहते. पुढं एसटी, आणि आईचा एक रोज बुडतो.

जतवाला: मग मी वेगळं काय म्हणतोय? आधी तालुक्याला डेंटिस्ट अन् खुर्ची द्या. नुसतं बघून काय लोणचं घालायचंय?

मिरजेचा दातवाला: प्रत्येक किडीला खुर्ची लागत नाही हो. सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड म्हणून औषध आहे. दात कापसानं कोरडा करायचा, थेंबभर लावायचं. ना ड्रिल, ना सुई. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. बहुतेक वेळा कीड तिथंच थांबते. पू झालेल्या दाताला चालत नाही, आणि किडलेला भाग कायमचा काळा पडतो, हे आधीच सांगायचं.

वाईची आई: काळा दात? पुढचा असेल तर मी नाही लावून घेणार. त्यापेक्षा बाटली सोडवा. माझ्या जावेचं दीड वर्षाचं पोर रात्रभर साखरेच्या दुधाची बाटली तोंडात घेऊन झोपतं. सासूबाई मशेरी लावतात आणि तेच बोट त्याच्या हिरडीवर फिरवतात. आधी आजीला सांगा, डॉक्टरचं नंतर बघू.

खटावची सिस्टर: ताई, सुनेनं सांगून आजी ऐकते होय? लसीला नातवाला घेऊन तीच येते. तिथं मी बोलले तर निदान मान तरी डोलावते.

कृष्णाकाठ (कराड): काल टॉर्च लावून धाकट्याचं बघितलं. वरच्या पुढच्या दोन दातांवर, हिरडीला लागून, खडूसारखी पांढरी रेघ आहे.

जतवाला: बघा, बघून झालं. आता जाणार कुठं?

मिरजेचा दातवाला: पांढरी आहे तोवर फ्लोराइडचं वार्निश लावून ती परतवता येते. तपकिरी व्हायच्या आत दाखवा. अन् रात्रीची बाटली आजपासून बंद.