विषय: खानापूरच्या शाळेसाठी आवाहन – पैसे पाठवावेत का?

सप्रेम नमस्कार मंडळी,
खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेचं छप्पर पावसात कोसळलं, मदत करा, असा मेसेज क्यूआर कोडासकट फिरतोय. मंडळातर्फे पाठवायचे का?
– चिटणीस

चिटणीसताई,
अजून पाठवू नका. सीमाभागातली मराठी शाळा म्हटलं की आपला जीव तुटतो, आणि भामट्यांना तेच पक्कं ठाऊक असतं. आधी यू-डायस क्रमांक (शाळेचा सरकारी ओळख क्रमांक) मागा: 11 अंकी, कर्नाटकातल्या शाळेचा 29 ने सुरू होतो. मेसेजमधल्या नंबरवर विचारू नका. गावातल्या नातेवाइकांकरवी मुख्याध्यापकांना किंवा एसडीएमसीच्या (शाळेच्या विकास व देखरेख समितीच्या) अध्यक्षांना गाठा. 2019 च्या पुराचा फोटो यंदाचा म्हणून सहज खपतो.

शाळा खरी निघाली तरी क्यूआरवर पैसे नकोत. आपलं मंडळ परदेशी संस्था, त्यामुळे आपली देणगी एफसीआरएखाली, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली येते. नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसताना ती घेणाऱ्यावरच कारवाई होते, म्हणजे भल्या माणसालाही आपण अडचणीत आणू. संस्थेचं नाव गृह मंत्रालयाच्या एफसीआरए पोर्टलवर स्वतः शोधा, पाठवलेल्या पीडीएफवर विसंबू नका. परदेशी देणगी आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच जमा व्हावी लागते. ‘बेळगावच्या बँकेत थेट टाका’ म्हटलं की तिथेच थांबा. ‘आमच्याकडे द्या, आम्ही त्या संस्थेला देतो’ हेही चालत नाही. 2020 च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेला ही रक्कम दुसरीकडे वळवता येत नाही.
– खजिनदार

खजिनदारसाहेबांच्या मुद्द्यांत थोडी भर. भारतीय पासपोर्ट असलेल्यांनी स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी परदेशी धरत नाहीत, ओसीआयवाल्यांची (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांची) धरतात. पॅनचं चौथं अक्षर पी असेल तर ते खातं व्यक्तीचं, संस्थेचं नव्हे. मात्र जुन्या कागदांवर ‘बेळगाव’ आणि नव्यांवर ‘बेळगावी’ दिसलं म्हणून लगेच खोटं ठरवू नका, शहराचं नाव 2014 मध्ये बदललंय. निपाणी आधी चिकोडी तालुक्यात होतं, म्हणून तिकडच्या जुन्या दाखल्यांवर चिकोडी तालुका असणारच. अशा वेळी नोंदणी क्रमांक जुळवा. दर्पण क्रमांक (स्वयंसेवी संस्थांच्या सरकारी पोर्टलवरचा नोंदणी क्रमांक) म्हणजे सरकारने दिलेली प्रामाणिकपणाची हमी नव्हे, एवढंही ध्यानात असू द्या.
– माजी हिशेबनीस

आभार. यू-डायस क्रमांक आजच मागवते. भारतातल्या खात्यातून कुणी आधीच पैसे पाठवले असतील आणि शंका वाटत असेल, तर लगेच बँकेला कळवा आणि घरच्यांना 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवायला सांगा. व्यवहाराचा यूटीआर क्रमांक (बँकेने दिलेला संदर्भ क्रमांक) जवळ ठेवा.
– चिटणीस