दूरशिक्षणाच्या विद्यार्थ्यांचं रोजचं इंग्रजी कसं तपासायचं? चीनचे सरावसंच चालतील का?

शाहूपुरी_केंद्र यांचा प्रश्न:

कोल्हापुरातल्या एका दूरशिक्षण अभ्यासकेंद्रासाठी चाचणी काढायची आहे. बी.ए. आणि बी.कॉम.चे मिळून 60 विद्यार्थी. बरेचसे शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत कामाला, काही गृहिणी. विद्यापीठाच्या परीक्षेशी याचा संबंध नाही. फोन, दुकान, बँक, कामाची जागा इथलं इंग्रजी कितपत जमतंय ते कळलं की संपर्कवर्गात काय घ्यायचं ते ठरवता येईल. चीनमध्ये दूरशिक्षणाच्या विद्यार्थ्यांना इंग्रजीच्या पेपरात संवाद पुरे करायचे प्रश्न असायचे आणि त्यांचे सरावसंच नेटवर मिळतात. तेच उचलून ‘ली मिंग’च्या जागी ‘सचिन’ घातलं तर? हाताशी एक रविवार, दोन खोल्या, चार शिक्षक.

पंचगंगाकाठ:

आराखडा बघायला हरकत नाही, प्रश्न उचलू नका. चीनमध्ये ऑनलाइन पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी देशभर एकच सामायिक परीक्षा होती, तिचा ‘कॉलेज इंग्लिश बी’ हा इंग्रजी मुख्य विषय नसलेल्यांचा पेपर. 90 मिनिटं, 100 गुण, 60 ला पास. त्यात रोजच्या संवादाचे प्रश्न पाच, गुण 15. वाचनाला 30, शब्द-व्याकरणाला 15, गाळलेल्या जागांच्या उताऱ्याला 10, चिनीत भाषांतराला 15, लेखनाला 15. म्हणजे ‘रोजचं इंग्रजी’ म्हणून जे आहे ते पेपराच्या सातव्या हिश्श्याएवढंच, आणि तेही वाचून उत्तरावर खूण करायचं. ऐकणं नाही, बोलणं नाही. देशभरातल्या विद्यार्थ्यांचा पेपर संगणकावर घ्यायचा तर हे समजण्यासारखं आहे. 60 जणांच्या केंद्राला अशी कुठली अडचण?

(तिथे प्रवेशाच्या वेळी चाळिशी पूर्ण केलेल्यांना हा पेपर माफ होता. आपल्या गृहिणींना कळू देऊ नका.)

पाचच प्रश्न ठेवण्यातला धोकाही बघा. तीन पर्याय दिले तर डोळे झाकून खुणा करणाऱ्याचे पाचपैकी तीन किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता 21 टक्के. चार पर्याय दिले तर 10 टक्के. 25 प्रश्न करा, मग तीनच पर्याय ठेवले तरी नुसत्या नशिबावर 15 बरोबर येण्याची शक्यता एक टक्क्याच्या खाली जाते. चौथा पर्याय मुद्दाम रचावा लागतो आणि तो हमखास इतका खुळचट होतो की कुणी त्याकडे बघतही नाही.

मोडी_वळण:

वरचं बरोबर आहे, पण खरी मेख चुकीच्या पर्यायांत आहे. त्या भाषेच्या माणसाची जीभ जिथे घसरते, तो चुकीचा पर्याय चांगला. चिनी संचात स्तुतीला काय उत्तर द्यायचं हे विचारलेलं सापडेल. स्तुती झाली की ‘नाली नाली’, शब्दशः ‘कुठे, कुठे’, असं म्हणून ती परतवायची चिनी रीत आहे, म्हणून ‘नो, नो’ हा पर्याय तिथे सापळा ठरतो. आपल्याकडे तो फुकट जाईल.

आकड्यांचंही तेच. चिनीत पंचवीसला ‘दोन-दहा-पाच’ म्हणतात, क्रम इंग्रजीचाच. आपण पाच आधी बोलतो आणि वीस नंतर, म्हणून ‘ट्वेंटी फाइव्ह’ ऐकून घाईत 52 लिहिला जातो. मोठ्या आकड्यांत ते दहा हजारांवर अडखळतात, कारण ‘वान’ हे त्यांचं एकक. आपण लाखावर. ‘टू हंड्रेड फिफ्टी थाउजंड’ ऐकवा आणि आकड्यात लिहायला सांगा, किती जण 2,50,000 लिहितात ते बघा.

दोघांचीही गाडी एकाच जागी अडते ती नकारार्थी प्रश्नावर. ‘हॅवन्ट यू पेड द फी?’ याला मराठी माणूस ‘हो, नाही भरली’ या चालीवर ‘येस, आय हॅवन्ट’ म्हणतो, चिनीही तसंच. ‘वुड यू माइंड इफ आय सिट हिअर?’ला ‘येस, प्लीज’ हीसुद्धा सामायिक चूक. हे दोन प्रश्न खुशाल घ्या.

बाकीचे इथलेच हवेत. निघताना आपण ‘येतो’ म्हणतो, ते इंग्रजीत ‘आय ॲम कमिंग’ झालं की समोरचा वाट बघत बसतो. ‘परवा’ मागचाही आणि पुढचाही, म्हणून ‘डे बिफोर यस्टरडे’ आणि ‘डे आफ्टर टुमॉरो’ यांची अदलाबदल होते. ‘अडीच वाजता’चं ‘टू अँड हाफ ओ’क्लॉक’ तर ठरलेलं.

एक सावधगिरी. ‘जेवलासा का?’ ही विचारपूस चिनीतही आहे. तिच्या जागी इंग्रजीत काय म्हणायचं, हा प्रश्न घालू नका. त्याने संस्कृती तपासली जाते, इंग्रजी नाही.

रंकाळा_भेळ:

ते पर्यायाचं सगळं झ्याक हाय, पण खूण करणारा बोलंलच असं न्हाई. फोनवरची चाचणी घ्या. विद्यार्थी पॅसेजमधी, शिक्षक खोलीत, मधी साधा फोन कॉल. समोर बसवलं की हातवाऱ्यावर निभावत्यात. वॉट्सॲप कॉल नको, रेंज अडली की दोष कुणाचा ते कळत न्हाई.

तीन कामं द्या: नाव स्पेलिंग करून आन् मोबाइल नंबर सांगणं, उद्या कामावर येणार न्हाई, कारण काय आन् परत कधी येणार हा सुपरवायजरला निरोप, दुकानात फोन करून दोन गोष्टी विचारणं. प्रत्येकाला 0, 1 किंवा 2. पुन्हा न विचारता काम झालं तर 2, एकदा विचारावं लागलं तर 1, न्हाईतर 0. व्याकरणाकडं कान द्यायचा न्हाई. ‘आय नॉट कम टुमारो, फीवर, मंडे कम’ याला पुरं 2. निरोप पोचला, विषय संपला.

हिशेब बघा. बोलायला 4 मिनिटं, गुण मांडायला 2. साठ जणांचे 360 मिनिटं, शिक्षकांच्या दोन जोड्या केल्या की तीन तास. निरोपाची सहा वेगवेगळी कार्डं करा आन् फासा टाकून द्या, न्हाईतर पहिला बाहेर आला की चहाच्या गाड्यावर पेपर फुटलाच.

ऐकायचा भाग सकाळी लेखी पेपराच्या सुरुवातीला घ्या. फाइल आधी डाउनलोड करून ठेवा. एका मोबाइलवर वाजवू नका, दोन स्पीकर लावा आन् पंखं बंद करा. ‘फिफ्टीन’ आन् ‘फिफ्टी’तला फरक शेवटच्या ‘न’वर आन् आघातावर हाय, पंख्याच्या घरघरीत त्यो मागच्या बाकापतूर जात न्हाई. मग चूक कानाची का खोलीची ते कसं ठरवणार?

शाहूपुरी_केंद्र:

खूप उपयोग झाला. दोन शंका. व्याकरणाला शून्य महत्त्व दिलं तर विद्यार्थी तेच बरोबर समजतील ना? आणि जोडीतल्या दोघांचे गुण वेगळे आले तर?

मोडी_वळण:

व्याकरण लेखी भागात सी-टेस्टने मोजा. 1981 पासूनचं तंत्र आहे. सोप्या उताऱ्याचं पहिलं वाक्य पूर्ण ठेवायचं, दुसऱ्यापासून दर दुसऱ्या शब्दाचा मागचा अर्धा भाग गाळायचा. असे चार छोटे उतारे, प्रत्येकी 20 ते 25 गाळलेल्या जागा, उताऱ्याला पाच मिनिटं. उतारे नोटीस, गॅसचं बिल, औषधाच्या बाटलीवरची सूचना अशातले घ्या, धड्यातले नकोत. हे गुण फोनच्या गुणांत मिसळू नका. एखाद्याला एका भागात 80 टक्के आणि दुसऱ्यात 30 असतील तर संपर्कवर्गात काय घ्यायचं ते त्या दोन आकड्यांतूनच कळतं, सरासरी काढली की ते पुसलं जातं.

पंचगंगाकाठ:

दोघांच्या गुणांचं: आधी दोन्ही जोड्यांनी मिळून पाच नमुना रेकॉर्डिंग ऐकायची, प्रत्येकाने गुपचूप गुण द्यायचे, मग उघडायचे. वाद बहुतेक 1 आणि 2 मध्येच होतो. तिथे ‘पुन्हा विचारलं का?’ एवढाच निकष धरा. प्रत्यक्ष चाचणीत एकूण 6 पैकी फरक 1 असेल तर सरासरी, 2 किंवा जास्त असेल तर दुसऱ्या जोडीला रेकॉर्डिंग ऐकवा. रेकॉर्ड करणार हे विद्यार्थ्याला आधी सांगा.

निकालानंतर एक काम राहतं. पर्यायांच्या भागात सर्वात जास्त गुणांचे 16 आणि सर्वात कमी गुणांचे 16 पेपर बाजूला काढा (60 चे 27 टक्के). प्रत्येक प्रश्नाला वरच्या गटातले बरोबर वजा खालच्या गटातले बरोबर, भागिले 16. उत्तर 0.2 च्या खाली आलं तर तो प्रश्न पुढच्या वेळी बाद. उणे आलं तर आधी बरोबर उत्तरांची यादी तपासा, बऱ्याचदा तीच चुकलेली असते.