लॅट्रुनक्युलिन बी : कांद्याच्या पापुद्र्यावर कसं वापरायचं?

परभणीकर_बॉटनी: एमएस्सीचा प्रोजेक्ट करायलोय. कांद्याच्या पेशीत कण सरकताना दिसतात, ते लॅट्रुनक्युलिन बी घालून थांबवून दाखवायचंय. 100 मायक्रोग्रॅमची कुपी आलीय, पण उघडायची हिंमत होईना. कशात विरघळवू? आणि हे स्पंजचं विष नेमकं करतं काय?

अंबाजोगाईची_ताई: कुपीतली पावडर आधी तळाशी बसव, म्हणजे सेंट्रिफ्यूजमध्ये जरा फिरवून घे. पावडर डोळ्यांना जवळजवळ दिसतच नाही, झाकणाला चिकटून जाते. रेणुभार 395.5 आहे, म्हणून 253 मायक्रोलिटर डीएमएसओ (हा एक द्रावक) घातलं की 1 मिलिमोलर तीव्रतेचं द्रावण तयार. लगेच छोट्या छोट्या नळ्यांत वाटून उणे 20 ला ठेव. उन्हाळ्यात आपल्याकडे लाईट कधी जाईल सांगता येत नाही, तेव्हा फ्रीजरमध्ये बर्फाच्या थैल्यांच्या मधोमध ठेव. हातमोजे घालच. डीएमएसओ कातडीतून आत शिरतं आणि सोबत विरघळलेलंही नेतं.

हा स्पंज तांबड्या समुद्रातला, नेगोम्बाटा मॅग्निफिका. दाबला की लालसर रस सोडतो आणि जवळचे मासे काही मिनिटांत मरतात. 1980 मध्ये काशमन आणि सहकाऱ्यांनी त्यातून लॅट्रुनक्युलिन वेगळं केलं. 1983 मध्ये स्पेक्टर वगैरेंनी दाखवलं की पेशीतली ॲक्टिन या प्रथिनाची मांडणी त्यानं विस्कटते. ॲक्टिनचे सुटे रेणू जोडून तंतू बनतात, त्या तंतूंवरून मायोसिन हे दुसरं प्रथिन कण ओढून नेतं. लॅट्रुनक्युलिन एकेका सुट्या रेणूला धरून बसतं. गवंड्यापर्यंत विटाच पोचू द्यायच्या नाहीत, तसं. तंतूतून रेणू सुटत राहतात, नवे लागत नाहीत, आणि तंतू विरत जातो.

नांदेडचे_सर: आम्ही सायटोकॅलेसिन वापरायचो. फरक काय पडतो?

अंबाजोगाईची_ताई: सर, सायटोकॅलेसिन बुरशीतलं; ते मुख्यतः तंतूच्या वाढत्या टोकाला बसतं. हे सुट्या रेणूला. दोन्हींनी एकच परिणाम दिसला तर ॲक्टिनवरचं बोट जास्त पक्कं होतं. प्रोजेक्टमध्ये दोन्ही असतील तर फारच छान.

परभणीकर_बॉटनी: ताई, मात्रा किती? अन् प्रवाह थांबला की झालं ना?

अंबाजोगाईची_ताई: नाही रे, तिथं खरं काम सुरू होतं. विषानं पेशी मेली तरी कण थांबतातच! म्हणून धुऊन बघणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. लॅट्रुनक्युलिनचा परिणाम उलटतो. स्वच्छ पाण्यात दोन-तीनदा बदलून ठेव, प्रवाह परत आला तर पेशी मेली नव्हती हे सिद्ध.

पाकळीच्या आतल्या बाजूचा पापुद्रा घे. जी बाजू गरापासून सुटून आली ती द्रावणाला लागू दे, तिला मेणचट थर नसतो. सोलल्यावर पेशी घाबरलेली असते, आधी पाण्यात तरंगत ठेव आणि कण पळायला लागलेले बघूनच औषध दे. 0.1, 1 आणि 5 मायक्रोमोलर करून बघ. 1 मायक्रोमोलरसाठी 1 मिलिलिटर पाण्यात तुझ्या साठ्यातलं 1 मायक्रोलिटर, म्हणजे डीएमएसओ 0.1 टक्का. प्रत्येक मात्रेच्या जोडीला तेवढंच नुसतं डीएमएसओ घातलेला पापुद्रा हवाच, नाहीतर परीक्षक पहिला तोच प्रश्न विचारतील.

धुतल्यावरही काही हललं नाही, तर कडेनं मिठाच्या घट्ट पाण्याचा थेंब सोड. जिवंत पेशीतला पडदा भिंतीपासून सुटून आत आकसतो, मेलेल्या पेशीत तसं होत नाही. आकसला तर अजून वेळ धुऊन बघ, आणि तो फोटोही प्रोजेक्टमध्ये लाव.