मदत हवी आहे: अंगणवाडीतल्या मुलांना झाडाखाली कसं शिकवू?

नमस्कार ताई-दादांनो. माझ्या अंगणवाडीत ३ ते ६ वयाची १८ मुलं आहेत. मागे चिंच, पिंपळ आणि थोडी मोकळी जागा. चिंचोके मोजायचे, पानं लहान-मोठी लावायची, ओल्या मातीत काडीनं रेघा ओढायच्या, एवढं आम्ही करतो. खोलीत गप्प बसणारी एक मुलगी परवा मुंगळ्यांच्या रांगेमागे चालत मला भरभरून सांगत होती! बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पालघर जिल्ह्यातल्या बोर्डी-कोसबाडला पानं, बिया, खडे हीच साधनं केली होती, म्हणून मलाही हुरूप आहे.

अडचण अशी की तीन वर्षांची मुलं चिंचोके नाकात घालतात. त्यांना मोजायला मोठं काय द्यावं? कुंपणाची कण्हेर, धोत्रा काढलाय. लाल गुंजेचा वेलही विषारी, तोही या आठवड्यात काढतेय.

आणि आया विचारतात, "बाई, चिखलात खेळायलाच पाठवायचं का? अ-आ कधी शिकवणार?" त्यांना कसं पटवू? कुणी पालकांनाच एक दिवस मुलांसोबत खेळायला बोलावलंय का? काय काय केलंत, सविस्तर सांगा. पावसाळ्यात बाहेर कसं नेता, तेही.