जाऊबाईंचे उपचार संपले, पण भीती वाढतच चालली आहे – मदत हवी आहे

गोदाकाठ

मोठ्या जाऊबाई, वय ४७, नाशिक. डाव्या स्तनाचा कॅन्सर, दुसरी स्टेज, हार्मोन पॉझिटिव्ह (हार्मोनच्या जोरावर वाढणारा). स्तन वाचवून ऑपरेशन, मग केमोचे चार एसी (दोन औषधांची जोडी) आणि बारा पॅक्लिटॅक्सेल डोस, शिवाय पंधरा रेडिएशन असं सगळं पार पडलं आहे. आता रोज टॅमोक्सिफेन २० मिलिग्रॅम (हार्मोन अडवणारी कॅन्सरची गोळी) चालू.

उपचार चालू होते तोवर त्या घट्ट होत्या. रेडिएशन संपल्यापासून मात्र पहाटे तीनला घामाघूम होऊन जाग येते, छातीत धडधडतं आणि मग उजाडेपर्यंत डोळ्याला डोळा लागत नाही. दिवसातून पंधरा-वीस वेळा काखेत आणि टाक्यांपाशी चाचपून बघतात. ती जागा आता दुखायला लागली आहे आणि दुखतं म्हणून पुन्हा चाचपतात. पुढची तपासणी तीन आठवड्यांवर आहे. त्याआधी पेट स्कॅन (कॅन्सर शोधायला सगळ्या अंगाचा स्कॅन) आणि रक्तातला मार्कर (कॅन्सरची खूण बघणारी रक्ततपासणी) करूनच घ्यायचा, असा त्यांचा हट्ट आहे.

फॅमिली डॉक्टरांनी दिलेली अल्प्राझोलाम ०.२५ (चिंता कमी करणारी, झोप आणणारी गोळी) दोन महिने रोज रात्री घेत आहेत. आता मानसोपचारतज्ज्ञांकडून पॅरोक्सेटिन (चिंता-नैराश्यावरची गोळी) लिहून आली आहे, ती अजून सुरू केलेली नाही. त्या चिठ्ठीवर टॅमोक्सिफेनचा उल्लेख नाही. घरातले सगळे म्हणतात, "आता बऱ्या झालात, सकारात्मक राहा." त्यावर त्या गप्प होतात.

ही गोळी चालेल का? पेट करावा का? चाचपणं कसं थांबवायचं? आणि मुळात उपचार संपल्यावर असं का व्हावं?

खलबत्ता

पॅरोक्सेटिन सुरू करू नका, आधी लिहून देणाऱ्या डॉक्टरांना फोन करा आणि टॅमोक्सिफेन चालू असल्याचं सांगा. कारण असं: टॅमोक्सिफेन गिळल्यावर यकृत त्याचं एंडॉक्सिफेनमध्ये रूपांतर करतं आणि खरं काम बरंचसं तेच करतं. हे रूपांतर करणारं विकर (एन्झाइम), सीवायपी२डी६, पॅरोक्सेटिन जोरात अडवतं. फ्लुओक्सेटिन आणि बुप्रोपिऑन या नैराश्यावरच्या गोळ्याही त्याच पंक्तीत बसतात. रुग्ण रोज गोळी घेत राहतो आणि शरीरात एंडॉक्सिफेन कमी पडतं. भीतीवर घेतलेल्या गोळीने कॅन्सरवरची गोळी दुबळी होऊ नये, म्हणून हे जोडपं टाळतात.

पर्याय आहेत. व्हेनलाफॅक्सिन या विकराला फारसा धक्का लावत नाही आणि टॅमोक्सिफेनमुळे येणारे गरम वाफांचे झटकेही कमी करतं. सुरुवात साधारण ३७.५ मिलिग्रॅमने होते, पुढे ७५. रक्तदाब मोजत राहावा लागतो. एस्सिटालोप्रामही चालतं, पण मळमळीसाठी ऑनडॅनसेट्रॉन चालू असेल तर दोन्ही औषधं हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवू शकतात, म्हणून आधी ईसीजी. कुठलंही निवडलं तरी पहिल्या आठवड्यात मळमळ आणि थोडी जास्तच अस्वस्थता येऊ शकते. चिंतेवर खरा फरक दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात. "गोळी लागू पडत नाही" म्हणून चौथ्या दिवशी सोडून देणारे खूप, तेवढं जपा.

अल्प्राझोलाम दोन महिने रोज झाली आहे, ती एकदम बंद करू नका. अचानक थांबवल्यावर झोप उडते, हातपाय थरथरतात, क्वचित फिट येते. डॉक्टरांकडून टप्प्याटप्प्याने कमी करण्याचं वेळापत्रक घ्या, आणि ते नवीन गोळीचा गुण दिसू लागल्यावर.

आणखी एक. पहाटेचा घाम आणि धडधड ही सगळी भीतीच असेल असं धरून चालू नका. पंचेचाळिशी उलटलेली बाई, केमोने बहुधा पाळी गेलेली, वर टॅमोक्सिफेन: गरम वाफ आधी येते, तिने जाग येते आणि जाग आल्यावर भीती येते. एवढं समजलं तरी पहाटेचा अर्थ बदलतो. हिमोग्लोबिन, थायरॉइडचं टीएसएच आणि बी१२ करून घ्या. एसी केमोमधल्या एका औषधाने हृदयाला त्रास होऊ शकतो. जिना चढताना धाप लागत असेल किंवा पाय सुजत असतील तर इको (हृदयाची सोनोग्राफी). एकच पाय सुजून दुखला किंवा एकाएकी दम लागून छातीत दुखलं तर वाट न पाहता इस्पितळ गाठा, टॅमोक्सिफेनने रक्ताच्या गुठळीचा धोका वाढतो.

सावली_सोबत

औषधाचं वर नेमकं आलं आहे. मी समुपदेशनाच्या बाजूने लिहिते.

उपचार संपल्यावर भीती वाढणं अगदी नेहमीचं आहे. केमो चालू असते तेव्हा रोज काहीतरी केलं जात असतं, आठवड्याला कुणीतरी तपासतं. ते थांबलं की माणूस एकटा पडतो आणि घरचे म्हणतात झालं, संपलं. "सकारात्मक राहा" हे वाक्य कितीही मायेने म्हटलं तरी ऐकणाऱ्याला त्याचा अर्थ "याबद्दल बोलू नका" असा लागतो. त्याऐवजी विचारा, "आज सगळ्यात जास्त कशाची धास्ती वाटतेय?" आणि उत्तर ऐकून लगेच समजूत घालू नका. मधली शांतता सहन करा.

पेट आणि मार्कर. लक्षण नसताना ते नेमाने करू नयेत, असंच स्तनाच्या कॅन्सरनंतरच्या तपासणीचे मार्गदर्शक नियम सांगतात. पहिली तीन वर्षं दर ३ ते ६ महिन्यांनी डॉक्टरांची तपासणी, पुढची दोन वर्षं ६ ते १२ महिन्यांनी, मग वर्षातून एकदा. मॅमोग्राफी वर्षाला एक, पहिली रेडिएशननंतर किमान सहा महिन्यांनी. इटलीत झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल १९९४ मध्ये आले. हाडांचे स्कॅन आणि छातीचे एक्स-रे सतत काढून कुणी जास्त जगलं नाही, असं त्यांत दिसलं. मार्कर यकृताच्या किंवा इतर साध्या कारणांनीही वर जातो, मग पुन्हा स्कॅन, कधी सुईने तुकडा काढून तपासणी, आणि महिनाभर घराची झोप जाते. चांगला रिपोर्ट आला तरी त्याने मिळालेला दिलासा फार तर थोडे दिवस टिकतो, मग पुढच्या रिपोर्टची तहान लागते. जाऊबाईंना "नको" एवढंच सांगू नका, हे कारण त्यांच्या कॅन्सरच्या डॉक्टरांच्या तोंडून ऐकवा.

चाचपण्याचंही तेच चक्र आहे. ऑपरेशन आणि रेडिएशननंतर ती जागा कडक, गाठाळ लागते, नसांना चमका येतात आणि सतत दाबून ती आणखी हुळहुळी होते. एकदम बंद करायला सांगितलं तर जमणार नाही. पहिले तीन दिवस फक्त वहीत वेळ आणि भीती दहापैकी किती ते लिहायचं. नंतर हात जाईल तेव्हा १५ मिनिटं थांबायचं, पुढच्या आठवड्यात ३०, मग दिवसातून ठरलेल्या दोनच वेळा, मग एक. असं उतरत महिन्यातून एकदा, ठरलेल्या तारखेला, अंघोळीच्या वेळी. थांबलेल्या पंधरा मिनिटांत भीती आधी वाढते आणि मग आपोआप उतरते, हे वहीत दिसलं की पुढचं सोपं जातं. "बघ ना, गाठ लागतेय का" असं त्या तुम्हाला विचारत असतील तर तेही चाचपणंच आहे. दोघींनी मिळून एक वाक्य ठरवा, उदाहरणार्थ "हे आपण तारखेला बघायचं ठरवलंय", आणि तेवढंच म्हणा.

मात्र काही गोष्टी तारखेसाठी थांबवायच्या नाहीत आणि त्यांची चिठ्ठी कपाटाच्या दारावर आतून लावा: नवीन गाठ (स्तनात, काखेत, गळ्याच्या बाजूला), कातडी लाल होणं किंवा खड्डा पडणं, बोंडातून रक्त, हात सुजणं, दोन आठवड्यांहून जास्त टिकणारं आणि रात्री वाढणारं हाडाचं दुखणं, न थांबणारा खोकला, डोळे पिवळे होणं, उलट्यांसह नवी डोकेदुखी. चिठ्ठीवर आहे त्यासाठी त्याच दिवशी फोन. चिठ्ठीवर नाही ते वहीत लिहायचं आणि तपासणीला घेऊन जायचं. भीतीला "काही नाही गं" सांगण्यापेक्षा असा काठ आखून दिला की ती पुष्कळ आटोक्यात येते, हे मी ठामपणे म्हणते.

पहाटे तीनला: वीस मिनिटांत झोप आली नाही तर अंथरुणातून उठा, मंद उजेडात बसा, मोबाइल नको. श्वास चार आकडे आत, सहा आकडे बाहेर, पाच मिनिटं. बोटं बधिर होऊ लागली किंवा गरगरलं तर श्वास जास्त खोल होतो आहे, तो उथळ आणि सावकाश करा. उठायची वेळ रोज एकच ठेवा, रात्र कशीही गेली तरी. दुपारची झोप अर्ध्या तासावर नको.

तापीकाठचा

याच धाग्यात विचारतो. वडील ६८, मोठ्या आतड्याचा कॅन्सर, केमो चालू. इंजेक्शननंतर दोन रात्री झोप नाही, एका जागी बसवत नाही, येरझाऱ्या घालतात, पाय हलवत राहतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी एकदम खचतात. मळमळीला पेरिनॉर्म दिवसातून तीनदा आणि डेक्सोना चालू आहे. त्यांना कॅन्सर असल्याचं सांगितलेलं नाही.

खलबत्ता

दादा, हे मनाचं असण्याआधी औषधाचं वाटतं. डेक्सोना म्हणजे डेक्सामेथासोन, त्याने झोप उडते, तरतरी येते आणि बंद झाल्यावर एक-दोन दिवस माणूस कोसळतो. डॉक्टरांना विचारून दिवसाचा डोस सकाळी, निदान दुपारच्या आत घेता येतो. मधुमेह असेल तर साखरही मोजा. आणि येरझाऱ्या व पाय न थांबणं हा पेरिनॉर्मचा, म्हणजे मेटोक्लोप्रामाइडचा ओळखीचा दुष्परिणाम आहे. तो चिंतेसारखा दिसतो, पण रुग्णाला विचाराल तर तो म्हणतो "मनात काही नाही, अंगच बसू देत नाही". स्टेमेटिल या मळमळीच्या दुसऱ्या गोळीनेही असं होतं. युरोपच्या औषध नियामकांनी २०१३ मध्ये मेटोक्लोप्रामाइडवर दिवसाला ३० मिलिग्रॅम आणि सलग पाच दिवस अशी मर्यादा घातली. आजच फोन करून दुसरं औषध मागा. वर झोपेची गोळी चढवू नका, ट्रामाडॉल किंवा मॉर्फिन ही वेदनेची औषधं चालू असतील तर मुळीच नाही.

थर्मामीटर घरात ठेवा. केमोनंतर १०० पॉइंट ४ फॅरनहाइट ताप, थंडी, धडधड असं झालं तर घाबरल्याने होतंय म्हणून बसू नका, रात्र असली तरी इस्पितळ. वार-वेळ चुकू लागले, असंबद्ध बोलू लागले तरी तेच.

सावली_सोबत

न सांगण्याबद्दल. केमोच्या वॉर्डात बसणाऱ्या माणसाला बहुधा अंदाज आलेला असतो. मग तो घरच्यांना जपतो, घरचे त्याला, आणि दोघेही एकटे पडतात. सगळं एका दमात सांगायची गरज नाही. आधी विचारा, "बाबा, तुम्हाला आजाराबद्दल काय वाटतंय? किती जाणून घ्यायचंय?" ते "तूच बघ" म्हणाले तर तोही त्यांचा निर्णय. विचारलं तर खोटं बोलू नका. डॉक्टरांच्या खोलीत, तुम्ही शेजारी बसलेले असताना बोलणं झालं तर सगळ्यात बरं.

दोन्ही घरांसाठी: "जगून काय करायचं" असं बोलणं निघालं तर विषय बदलू नका. सरळ विचारा, "स्वतःला काही करून घ्यावंसं वाटतं का?" विचारल्याने ते डोक्यात शिरत नाही. गोळ्यांचा साठा तुमच्या ताब्यात ठेवा, रोजच्या रोज द्या. मानसिक आरोग्यासाठीच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. ऑक्टोबर २०२२ पासून तो सुरू आहे. जीव धोक्यात वाटला तर ११२.

गोदाकाठ

मानसोपचारतज्ज्ञांशी बोलणं झालं. त्यांनी पॅरोक्सेटिन रद्द करून व्हेनलाफॅक्सिन ३७.५ दिली आहे, अल्प्राझोलाम तीन आठवड्यांनी कमी करायला सुरुवात करणार. रक्त तपासायला दिलं आहे. दरवाजावरची चिठ्ठी जाऊबाईंनी स्वतः लिहिली. एक राहिलं: तपासणीच्या आदल्या आठवड्यात काय करावं?

सावली_सोबत

आठवड्याआधीच रुग्णालयाला विचारून ठेवा की रिपोर्ट कधी आणि कोण सांगणार. अनिश्चित वाट पाहणं रिपोर्टपेक्षा जास्त छळतं. रिपोर्ट मोबाइलवर येत असेल तर तो आधी कुणी उघडायचा हे ठरवा. प्रश्न लिहून न्या, तीनच, सगळ्यात महत्त्वाचा पहिला. सोबत एकाने जावं आणि उत्तरं त्याने लिहून घ्यावीत, घाबरलेल्या माणसाच्या ती लक्षात राहत नाहीत. त्या आठवड्यात रोज संध्याकाळी २० मिनिटं काळजीसाठी राखून ठेवा, बसून, वहीत लिहून. इतर वेळी काळजी आली की "संध्याकाळी" म्हणून पुढे ढकलायची. ही बैठक झोपायच्या दोन तास आधी संपवा. व्हेनलाफॅक्सिन सकाळच्या नाश्त्याबरोबर द्या, मळमळ कमी होते आणि रात्रीची झोपही बिघडत नाही.